गुरुलिंगअप्पांचं भेव

गुरुलिंगअप्पा जिला घाबरत नसत अशी एकच वस्तू त्या दवाखान्यात होती, ती म्हणजे रक्त. बाकी सगळ्याला ते भीत. टेलिफोन वाजला की खुर्चीतून अर्धे उठत आणि दुसरं कोणी तो उचलेपर्यंत तसेच अवघडून उभे राहत. स्टॅबिलायझरचा काटा हलला की प्लग काढायला धावत. ट्रस्टच्या अध्यक्षांची जीप फाटकातून आत शिरली की आधी शर्टाचं वरचं बटण लावत, मग चष्मा पुसत, मग बटण लागलंय की नाही ते पुन्हा चाचपत. कुत्री, विजा, हवालदार, औषध कंपनीचे टाय लावलेले प्रतिनिधी, सगळ्यांसाठी त्यांच्याकडे थोडंथोडं भय राखून ठेवलेलं असे. दवाखान्यातल्या नर्सेस त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘घाबरट अप्पा’ म्हणत. मीही म्हणत असे. नुसती म्हणत नसे, त्यांची नक्कलही करून दाखवत असे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला फार येत होतं. नव्वदीतले दिवस होते. गावोगावी पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी.ची दुकानं निघत होती, स्लॅबच्या घरांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या आणि आमच्या विद्यापीठात नवेनवे अभ्यासक्रम सुरू होत होते. त्यातल्याच एका, अनुवंशशास्त्राच्या, पहिल्या तुकडीत मी होते. अभ्यासक्रमाची अट अशी की सहा महिने एखाद्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम शिकायचं आणि तिथल्या माणसाची सही आणायची. माझ्या मैत्रिणींना पुणं मिळालं, मुंबई मिळाली. मला मिळाला बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा ट्रस्टचा दवाखाना. त्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. इथली माणसांची नावंही मी बदलली आहेत, आणि गावाचं नाव तर लिहिणारच नाही.

पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. कडुनिंबाकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीशी आरशाचा मायक्रोस्कोप, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज, काचेच्या नळ्यांचे लाकडी स्टँड, आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला पन्नाशीचा किडकिडीत माणूस. मी विद्यापीठाचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का तेही बघितलं.

“भेव वाटतंय का?” त्यांनी विचारलं.

“कशाचं?”

“रक्ताच्या कामाचं.”

“छे! मला सवय आहे. विद्यापीठात आम्ही...”

“मंग आठ दिस नळ्या धू, माय,” अप्पा म्हणाले. “भेव वाटाय लागलं की सांग.”

मी आठ दिवस नळ्या धुतल्या. घरी पाठवलेल्या पत्रात मी अप्पांबद्दल काय काय लिहिलं होतं ते आठवलं तरी आता कानशिलं तापतात.

अप्पांचं काम करायचं एक तंत्र होतं, आणि ते सगळं या भयातून आलेलं होतं. नमुन्याच्या नळीवर नाव लिहायचं ते माणसासमोर उभं राहून, टेबलावर येऊन नाही. कुठलीही नळी दोन माणसांनी बघितल्याशिवाय धुवायची नाही. क्रॉस-मॅच, म्हणजे देणाऱ्याचं रक्त घेणाऱ्याशी जुळतं का ती नळी, वाचायच्या आधी ते शर्टाच्या आत हात घालून गळ्यातल्या इष्टलिंगाला बोट लावत, आणि वाचून झाल्यावर मला बोलावून “तुला काय दिसतंय?” असं विचारत, स्वतःला काय दिसलं ते आधी सांगत नसत. सगळ्यात मोठा नियम नावाचा. पेशंटला त्याचं नाव आपण वाचून दाखवायचं नाही. त्याला सांगायला लावायचं.

“आपण नाव घेतलं की माणूस हं म्हणतंय,” ते सांगत. “दवाखान्यात आलेलं माणूस कशालाबी हं म्हणतंय. तू त्याला म्हणलीस तू म्हैस हायेस, तरी हं म्हणंल. आधीच भ्यालेलं असतंय ते.”

म्हाताऱ्या बायका यावर वैतागत. “सकाळच्याला तर सांगितलं की रं अप्पा! रोजच नाव इचारतूस, माजं काय बदलतंय व्हय?” अप्पा ओशाळं हसत आणि पुन्हा विचारत. एकदा चहा पिताना मी या नियमाची थट्टा केली तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “गेवराईकडची एक बाई व्हती. बाळंतीण. मी नाव वाचलं, ती हं म्हणली.” एवढंच बोलून त्यांनी बशीतला उरलेला चहा मोरीत ओतला. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं पुढे फार वाटलं.

मी असतानाच दवाखान्यात रक्त तपासायचं नवं परदेशी यंत्र आलं. अध्यक्षांनी नारळ फोडला. कंपनीचा टायवाला म्हणाला, “आता चूक होणं शक्यच नाही. माणसाचा हातच लागत नाही.” अप्पा यंत्रापासून चार हात लांब उभे होते. सगळे पेढे खात असताना त्यांनी भीतभीत विचारलं, “सायेब, ह्याला नाव इचारता येतं का?” टायवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. अध्यक्षही हसले, मग मीही हसले. त्यानंतर अप्पांनी तीन महिने प्रत्येक नमुना यंत्रावर घातला आणि पुन्हा हातानेही केला. दुप्पट काम. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

माझं खरं काम मात्र वेगळं होतं. आमच्या प्राध्यापकांनी मला थॅलेसेमियाची घरं शोधायला सांगितलं होतं. या आजारात मुलाच्या अंगात रक्त टिकत नाही, महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याचं द्यावं लागतं. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष असेल तरच असं मूल जन्मतं. अर्धा दोष असलेला माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला वाहक म्हणतात. वाहक ओळखायची साधी चाचणी मी सोबत आणली होती. पातळ मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला कागद धरायचा. रेघ स्वच्छ दिसली तर माणूस निर्दोष. गढूळ पाण्यात रेघ हरवली तर वाहक.

प्रत्येक घराचा मी वंशवृक्ष काढत असे. पुरुष चौकोन, बाई गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली मूल. अप्पांना ती आकृती दाखवली तर त्यांनी त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं.

“ही कोनी बघितली?”

“म्हणजे?”

“बाप ह्योच, हे तुला कोनी सांगितलं? घरच्यांनी. तू काढलीस. उद्या तुझ्या पान्यात रेघ दिसली न दिसली, तर ही रेघ पुसशील का?”

“विज्ञानात जे दिसतं ते लिहायचं असतं, अप्पा.”

“तेच म्हणतोय,” अप्पा म्हणाले. “ह्याचं मला लई भेव वाटतंय.”

बालाजी तेव्हा पाच वर्षांचा होता. वडवणीच्या पलीकडच्या एका गावाहून त्याची आई रुक्मिण दर महिन्याला त्याला रक्त द्यायला आणायची. वय वीस-एकवीस, पदर नाकापर्यंत, बोलणं पुटपुटल्यासारखं. पुण्याहून बालाजीच्या आजाराचं निदान झालेलं होतं. तिचा सासरा तात्या, बागायतदार आणि गावचा पुढारी, ट्रस्टच्या अध्यक्षांचा जिवाभावाचा माणूस. तात्यांनी घरात आधीच निकाल देऊन टाकला होता की खोट सुनेच्या रक्तात आहे. चाचणीत फक्त तिच्याकडे दोष निघाला तर तिला माहेरी सोडायचं आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं, हे त्यांनी वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आमच्या थोरल्या नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “त्या घरातली एक सून मागं विहिरीत गेलती. पाय घसरला म्हणं. तू कागद जपून लिही.”

मी हं म्हणाले.

अप्पा रसायनं आणायला बीडला गेले होते त्या दिवशी ते लोक आले. रुक्मिण, कडेवर बालाजी, आणि पांढऱ्या कपड्यातला, दाढी वाढलेला एक उंच माणूस. गर्दी होती. मी चिठ्ठी उचलली, तिच्यावर लिहिलेलं रुक्मिणच्या नवऱ्याचं नाव वाचलं आणि त्या माणसाला विचारलं, “हे तुम्हीच ना?” तो “हं” म्हणाला. तरी अप्पांची आठवण येऊन मी रुक्मिणलाही विचारलं, “बरोबर आहे ना नाव?” ती मान खाली घालून उभी राहिली. पदर आणखी पुढे ओढला. नवऱ्याचं नाव बाई कशाला घेईल, लाजली असेल, असं मला वाटलं आणि मी सुई लावली.

दुपारी नळ्या बघितल्या. रुक्मिण वाहक होती. त्या माणसाच्या नळीमागची रेघ लख्ख दिसत होती. मी पुन्हा बघितली. मग तिघांचे रक्तगट काढले. आईचा ए, मुलाचा एबी आणि बापाचा ओ. ओ गटाच्या बापाला एबी गटाचं मूल होत नाही, हे बारावीचं पोरगंही सांगेल. माझ्या अंगावर काटा आला, आणि लाज वाटते सांगायला, तो आनंदाचा होता. पुस्तकात वाचलेली गोष्ट मला माझ्या हातांनी सापडली होती. मी प्राध्यापकांसाठी अहवाल लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एक ओळ टाकली. या मुलाचा बाप हा माणूस नसावा, असा तिचा सरळ अर्थ होता. घरच्यांना द्यायच्या प्रतीत ती ओळ यायला नको, एवढं मला कळत होतं. पण खालचा कार्बन काढायला मी विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताच तात्यांचा गडी येऊन कागद घेऊन गेला. अप्पा दुपारी दोनच्या गाडीने बीडहून आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी रजिस्टर उघडलं, कारण ते नेहमीच तसं करत. मी मोठ्या उत्साहात त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

“बापाचं रक्त कोनी काढलं?”

“मी.”

“नाव कोनी घेतलं?”

“मी वाचलं. तो हं म्हणाला.”

“आन् बाई काय म्हणली?”

“काही नाही. मान खाली घातली, पदर आणखी पुढे ओढला.”

“नवऱ्यासंगं दवाखान्यात येती तवा रुक्मिण पदर कपाळापर्यंतच घेती,” अप्पा म्हणाले. “बबन नाव त्याचं. बुटकं, पैलवानी गडी. मी बघितलंय त्याला. तू ज्याचं काढलं त्यो कसा व्हता?”

“उंच. दाढी होती.”

अप्पा मटकन स्टुलावर बसले. मला तेव्हा कुठे कळलं, ती नळी बबनची नव्हतीच. त्यांनी उरलेल्या प्रतीवरची ओळ वाचली, मला तिचा मराठीत अर्थ विचारला आणि तो ऐकून डोळे मिटले. “त्यांच्या घरात विंग्रजी कोनाला येत न्हाई,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “गावचा मास्तर वाचून दाखवील. मास्तर वडवणीच्या शाळेत असतो. पाचला घरी येतो.” मग त्यांनी सिरिंज, नळ्या आणि कापूस जेवणाच्या डब्यात भरला. “चल.”

एस.टी.त अप्पा दर थांब्याला कंडक्टरला किती वाजले ते विचारत होते. वडवणीला उतरून काळी-पिवळी जीप भरायची वाट बघत अर्धा तास गेला. मी रडायला लागले तेव्हा ते म्हणाले, “आता रडू नको. मला आनखी भेव वाटतंय.” जीपमधल्या बाया आमच्याकडे बघत होत्या. प्रत्येक सायकलवाला मला मास्तर वाटत होता.

तात्यांचं घर स्लॅबचं होतं, वर डिश, पुढे रुंद ओटा. ओट्यावर तात्या खाटेवर बसले होते आणि कागद त्यांच्या हातात होता. शेजारी भिंतीला टेकून तो उंच दाढीवाला बसला होता. मला बघून त्याने मान फिरवली.

“या अप्पा! तुमी हिकडं कसं काय?” तात्या म्हणाले. “बरं झालं आले. मास्तर येईलच आता, वाचून घेऊ. ह्या शेवटच्या ओळीत काय लिवलंय, लांबलचक?”

अप्पा उभेच होते. एवढा घाबरलेला माणूस मी आजवर दुसरा बघितलेला नाही. घाम त्यांच्या भस्मातून खाली ओघळत होता.

“तात्या, ते वाचू नका,” ते म्हणाले. “ते चुकलंय.”

“चुकलंय म्हणजे?”

“नळ्या बदलल्या. दुसऱ्याचं रक्त तुमच्या नावावर गेलं. माझ्या हातून झालं.”

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडे न बघता डबा माझ्या हातात दिला, इतक्या जोरात की मी गप्पच झाले. तात्यांचे डोळे बारीक झाले. त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. “मंग त्यात लिवलंय तरी काय? मास्तरला येऊ द्या की. चुकीचं तर चुकीचं, आईकू.”

त्या वेळी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. तात्यांनी तिकडे बघितलं, आणि अप्पांनी हात पुढे करून त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले, आठ केले, आणि मूठ शर्टाच्या खिशात घातली. टेलिफोन उचलायला भिणारा माणूस! तात्या खाटेवरून उठले ते असे की मला वाटलं आता अप्पांच्या कानाखाली बसणार. हात उठलाही होता. “माझ्या दारात येऊन माझ्या हातातला कागद फाडतो बे?” असं म्हणून त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या अप्पांनी खाली मान घालून सगळ्या ऐकल्या. ओट्यापाशी आलेले मास्तर सायकल धरून तसेच उभे राहिले.

“मारा तात्या,” अप्पा म्हणाले. “पर तुमच्या पोराचं रक्त पुन्यांदा द्या. मी सोताच्या हातानं काढतो. सोता तपासतो.”

बबनला शेतातून बोलावलं. तो बुटका, दंड भरलेला, डोक्याला उपरणं. तो फाटकातून येताच आतून बालाजी “आबा, आबा” करत धावला आणि त्याच्या पायाला मिठी मारून बसला. माझी उरलीसुरली शंका तिथेच मिटली. अप्पांनी नळी हातात घेतली आणि विचारलं, “नाव सांगा.” बबनने नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगितलं. सिरिंज बघून मात्र त्या पैलवानाचा चेहरा पांढरा पडला. सुईला भिऊनच, किंवा खोट आपल्यातच निघेल या भयाने, त्याने आधी दुसऱ्याला पाठवलं होतं.

“भेव वाटतंय का?” अप्पांनी हळू विचारलं.

“हाय थोडं,” बबन म्हणाला.

“मला बी वाटतंय. तिकडं बघा.”

मी हात धुवायला मागच्या दारी गेले. रुक्मिणने माझ्या हातावर पाणी घातलं. पहिल्यांदाच तिचा चेहरा मला नीट दिसला. “ताई, मी त्या दिशी सांगनार व्हते,” ती कुजबुजली. “पर ते माझे भायाजी. चुलत सासऱ्याचे थोरले लेक, मालकांहून मोठे. त्यांच्या म्होरं मला बोलता येत न्हाई. आन् मालकांचं नाव मी कसं घिऊ?” तिने तांब्या खाली ठेवला. “ताई, माझं काय हुईल आता?”

मी ओले हात तसेच घेऊन ओट्याकडे परत गेले.

परतीच्या गाडीत अप्पा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी विचारलं, “तो माणूस बदली आला होता, हे तुम्ही तिथे का नाही सांगितलं? चूक त्यांची होती. माझी होती.”

“कावून म्हणजे? पोराची लाज काढली असती तर तात्यानं राग कोनावर काढला असता?” अप्पा म्हणाले. “घरात गेल्यावर?”

वडवणी मागे पडली. मग मला राहवलं नाही. “अप्पा, आणि याही नळीत तेच निघालं तर?”

ते खिडकीबाहेर कापसाची रानं बघत राहिले. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल असं मी समजून घेतलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. “तू घरी जा. मी करतो,” अप्पा म्हणाले. माझ्यात थांबायची ताकद नव्हती. सकाळी आले तर टेबलावर नवा अहवाल तयार होता, त्यांच्या बारीक अक्षरात. आई वाहक, वडील वाहक. पुढचं मूल होण्याआधी दोघांनी पुण्याला जाऊन तपासून घ्यावं. वडिलांच्या रक्तगटाचा रकाना कोरा होता, घाईत राहिला असेल असं मला वाटलं. नळी धुऊन स्टँडवर पालथी घातलेली होती. मला न दाखवता त्यांनी ती धुतली याचं क्षणभर वाईट वाटलं, पण हायसंच इतकं वाटलं की मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. दोष दोघांकडे निघाला. रुक्मिण घरात राहिली.

अप्पा मात्र राहिले नाहीत. तात्यांनी अध्यक्षांना सांगितलं की तुमचा माणूस रक्त बदलतो आणि दारात येऊन कागद फाडतो. पंधरा दिवसांत अप्पांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. बावीस वर्षांची नोकरी. मी तेव्हा अध्यक्षांच्या खोलीत जाऊन “चूक माझी होती” असं म्हणायला हवं होतं. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले, कारण मला माझं सर्टिफिकेट हवं होतं. त्यावर सही अप्पांचीच झाली, त्यांच्या शेवटच्या दिवशी. सही करण्यापूर्वी त्यांनी माझं नाव मलाच विचारलं.

पुढे मी पुण्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत लागले. दरवर्षी विद्यापीठांतून नवी मुलं आमच्याकडे शिकायला येतात, हुशार, भराभर बोलणारी, कशालाच न भिणारी. पहिल्या दिवशी मी त्यांना ही गोष्ट सांगायची. एका माणसाने नमुना पुन्हा घेतला, पुन्हा तपासला आणि एका बाईचा जीव वाचला. चाचणी नीट केली की सत्य आपोआप बाहेर येतं, असा तिचा शेवट मी करत असे. मुलं वहीत उतरवून घेत.

दहा-बारा वर्षांनी परळीला लग्नाला जाताना सिरसाळ्यात गाडी चहाला थांबली. अप्पांच्या भावाचं तिथे किराणा आणि भुसाराचं दुकान आहे हे मला माहीत होतं. गेले. अप्पा पोत्याशेजारी बसून सुपात तुरीतले खडे निवडत होते. चष्मा जाड झाला होता. मी समोर उभी राहिले तर त्यांनी आधी नाव विचारलं, आणि सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

त्यांना सगळी बातमी होती. बालाजी नवव्या वर्षी गेला. ते सांगताना त्यांनी सूप खाली ठेवलं. रुक्मिणला नंतर मुलगी झाली, पुण्याला तपासून, धडधाकट. बबन रुक्मिणला बाजारला जीपमध्ये पुढे बसवून आणतो. तात्या थकलेत.

“अप्पा,” मी म्हणाले, “तुमची ती दुसरी चाचणी मी दरवर्षी मुलांना शिकवते.”

त्यांनी दचकून वर बघितलं. मग गल्ल्यावरच्या भावाकडे, मग रस्त्याकडे. “शिकवू नको,” ते हळूच म्हणाले.

“कावून?” माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

“केलीच न्हाई मी ती.”

मी शेजारच्या पोत्यावर टेकले.

“सगळं मांडलं व्हतं. मिठाचं पानी घेतलं, कागद घेतला. नळी हातात धरून घंटाभर बसलो. तू गाडीत इचारलंस ना, तेच निघालं तर? बघितलं असतं तर दिसलं ते लिवावं लागलं असतं. आजवर तसंच लिवत आलो.” त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “लई भेव वाटलं, माय. न बघताच धुऊन टाकलं. रक्तगट तेवढा लिवला न्हाई. खोट्या गटानं मानूस मरतंय.”

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी उठले. अप्पांनी माझी बाही धरली. “तुमच्याकडं आता केसावरून बी बाप कळतो म्हणं?”

“हो अप्पा. कळतो.”

त्यांनी बाही सोडली. गाडीत बसून मी मागे बघितलं तेव्हा ते उठून दुकानाच्या दारात आले होते. एका हाताने चौकट धरलेली, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. गाडी वळेपर्यंत त्यांनी ते खाली घेतलं नाही.